स्टॉकहोमच्या मार्टिनबद्दल तुमची पत्रं

मागच्या अंकात कीबोर्डवर चाल कशी बांधावी या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो, 'स्वीडनच्या मॅक्स मार्टिनची पाच गाणी वही-पेन घेऊन ऐका, म्हणजे मुखडा काय चीज आहे ते कळेल.' त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की तबल्याची शाई आणि माइकची घरघर हे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलले आणि या वेळची सगळी जागा या एका माणसाला दिली. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत या धंद्यात आलो. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, आणि गेली 22 वर्षं सोलापुरात साखर पेठेत एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. भजनं, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची गाणी, भीमगीतं, निवडणुकीत रिक्षावर वाजणारी गाणी, सगळं करतो. इंग्रजी गाण्यांशी माझं नातं फक्त कानाचं. पण कान देऊन ऐकलंय, त्या बळावर लिहितो.

जुळे सोलापूरहून एक विद्यार्थिनी लिहिते : काका, तुम्ही म्हणालात तशी गाणी शोधली. ब्रिटनी स्पिअर्स, बॅकस्ट्रीट बॉइज, केटी पेरी, टेलर स्विफ्ट, द वीकेंड, सगळ्यांच्या गाण्याखाली हेच नाव. पण हा माणूस स्टेजवर कुठेच दिसत नाही. तो नेमकं करतो काय? त्याला प्रोड्यूसर म्हणतात, म्हणजे पैसे तो घालतो का?

बाळ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच घोळ होतो. आपल्याकडे सिनेमाचा प्रोड्यूसर म्हणजे निर्माता, खिशात हात घालणारा. पॉप संगीतातला प्रोड्यूसर गाणं घडवतो. संगीतकार, संगीत संयोजक आणि रेकॉर्डिंगवर देखरेख करणारा, ही तीन माणसं एकाच खुर्चीत बसली की त्यांचा प्रोड्यूसर होतो. ठेका कुठे सोडायचा, मुखड्याआधी किती मात्रा शांतता ठेवायची, गायिकेचा श्वास ऐकू येऊ द्यायचा की कापायचा, हे तो ठरवतो. मार्टिन त्याच्या जोडीला चाल बांधतो आणि शब्दांतही त्याचा हात असतो.

त्याचं खरं नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग. जन्म 26 फेब्रुवारी 1971, स्टॉकहोमचा. आता स्टॉकहोम म्हटलं की आपल्याला केवढं तरी शहर वाटतं. खुद्द शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरएवढी. मला या गोष्टीने नेहमी बळ येतं. तरुणपणी तो 'इट्स अलाइव्ह' नावाच्या रॉक बँडमध्ये गायचा. लांब केस, कर्कश गिटार, आरडाओरडा. तेव्हा त्याचं नाव मार्टिन व्हाइट होतं. बँड फारसा चालला नाही, पण ज्या कंपनीशी त्यांचा करार झाला तिथे त्याला त्याचा गुरू भेटला.

गुरूचं नाव डेनिझ पॉप. हेही घेतलेलंच नाव, पाळण्यातलं नाव डाग क्रिस्टर वोले. हा डीजे होता. याला एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं. पण नाचणारी माणसं कोणत्या ठेक्यावर अंगात आल्यासारखी होतात आणि कोणत्या ठेक्यावर पाणी प्यायला बाजूला होतात, हे त्याला बरोबर कळायचं. टॉम टालोमा या जोडीदाराबरोबर त्याने 1992 मध्ये स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागात शेरॉन नावाचा स्टुडिओ काढला. त्याच सुमाराची एक गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. गोथेनबर्गच्या एका नव्या गटाने डेनिझकडे गाण्याची कॅसेट पाठवली. त्याला ती काही खास वाटली नाही. पण कॅसेट गाडीच्या टेपमध्ये अडकली, निघेचना! मग गाडी चालू केली की तेच गाणं. रोज ऐकून ऐकून त्याच्या लक्षात आलं की यात काहीतरी आहे. त्याने त्यावर काम केलं, त्याचं 'ऑल दॅट शी वॉन्ट्स' झालं आणि एस ऑफ बेस हा गट जगभर पोचला. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून रीळ गुंडाळणारी आमची पिढी. या गोष्टीतलं नशीब आणि त्यातला कान, दोन्ही आम्हाला चटकन कळतात.

या डेनिझने मार्टिनमधला चाल बांधणारा ओळखला, त्याला स्टुडिओत घेतलं आणि 'मॅक्स मार्टिन' हे नाव दिलं. 1995 मध्ये अमेरिकेतली पाच पोरं रेकॉर्डिंगसाठी स्टॉकहोमला आली, तेच बॅकस्ट्रीट बॉइज. 1998 मध्ये सोळा वर्षांची ब्रिटनी आली. तिच्यासाठी जे गाणं रेकॉर्ड झालं, 'बेबी वन मोअर टाइम', ते आधी टीएलसी या अमेरिकन गटापुढे ठेवलं होतं, त्यांनी नको म्हटलं. तुझ्याकडे हेडफोन असेल तर त्या गाण्याची सुरुवात ऐक. पियानोचे तीन आघात. फक्त तीन. सोलापुरात एखाद्या मंगल कार्यालयाच्या बाहेरून जाताना आतून ते तीन सूर आले तरी गाणं कोणतं ते सांगता येतं. जानेवारी 1999 च्या अखेरीस ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आज लेखक म्हणून त्याची 25 हून जास्त गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिली आली आहेत. लेखकांमध्ये त्याच्या पुढे उरलेत ते फक्त बीटल्सचे पॉल मॅकार्टनी. 2016 मध्ये स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्याला पोलार संगीत पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ॲबा या गटाचे व्यवस्थापक स्टिग अँडरसन यांनी सुरू केला, म्हणजे घरच्यांनीच पाठ थोपटली.

दिसत का नाही विचारतेस? तो मुलाखती फार कमी देतो. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम रंगतो तेव्हा टाळ्या गायकाला मिळतात, आणि विंगेत उभं राहून पुढच्या गाण्याची पट्टी सांगणारा कुणाला दिसत नाही. मी तिथे वीस वर्षं उभा राहिलोय. त्या अंधारातही फार समाधान असतं, बाळ. खरंच असतं.

अक्कलकोट रोडवरून एक वडील लिहितात : मी टॉवेल कारखान्यात जॉबर आहे. मुलगा 19 वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दिवसरात्र कॉम्प्युटरवर 'बीट' बनवतो. आता शिक्षण सोडतो म्हणतो. तुमचा मागचा अंक दाखवून म्हणाला, बघा, या मॅक्स मार्टिननेही शाळा सोडली होती. मास्तर, तुमच्यामुळे घरात भांडण लागलंय. काय करू?

दादा, पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मुलगा म्हणतो ते खरं आहे, त्याने शिक्षण अर्धवट सोडलं. पण गोष्टीचा हा एवढाच तुकडा तुमच्या घरात आलाय. पुढचा-मागचा मी सांगतो. मुलाला शेजारी बसवून वाचा.

शाळा सोडली तेव्हा तो मोकळ्या हाताने बाहेर पडला नव्हता. लहानपणापासून गावच्या सरकारी संगीतवर्गात शिकला होता, वाद्यवृंदात बसला होता, पुढे ड्रम आणि कीबोर्ड वाजवू लागला होता. बँडमध्ये गाऊन घसा तयार झाला होता. एवढी शिदोरी घेऊन तो डेनिझच्या स्टुडिओत गेला, आणि तिथे काय केलं? प्रोड्यूसर म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं रात्रंदिवस तिथे बसून, इथे नेमकं चाललंय काय, हे समजून घेत राहिला. हे तो स्वतः सांगतो. दोन वर्षं, दादा. तुम्ही जॉबर आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार? लूमवर नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला कुणी डिझाइनला हात लावू देतं का? आधी कांड्या भरायच्या, मग तुटलेला धागा जोडायचा, आवाजावरून लूम कुठे अडतंय ते ओळखायचं. आमच्या धंद्यातही तेच. मी पुण्यात एका जुन्या रेकॉर्डिस्टकडे होतो, तेव्हा पहिले सहा महिने फक्त केबल गुंडाळल्या आणि चहा आणला. कन्सोलला बोट लावायची परवानगी नव्हती. पण त्या सहा महिन्यांत मी बसून बसून जे ऐकलं, त्यावर आजही माझं घर चालतं. गायकाचा आवाज कधी थकतो ते मला त्याच्या तोंडाकडे न बघता कळतं, ते तिथेच शिकलो.

दुसरा तुकडा. हा गुरू, डेनिझ, पोटाच्या कर्करोगाने 30 ऑगस्ट 1998 रोजी गेला. वय 35. ब्रिटनीचं गाणं त्यानंतर काही आठवड्यांनी बाजारात आलं. ज्याने या पोराला नाव दिलं, त्याला त्या नावाची खरी उंची बघायला मिळाली नाही. हे लिहिताना मला माझे बँडमास्तर आठवतात, म्हणून इथे थोडं थांबलो. पुढे 2000 मध्ये शेरॉन बंद झाला.

आणि तिसरा तुकडा, जो मुलाला कुणी सांगणार नाही. 2000 च्या उन्हाळ्यात एनसिंक या गटासाठी केलेलं गाणं अमेरिकेत पहिलं आलं. त्यानंतरचं पहिल्या क्रमांकाचं गाणं कधी? 2008 मध्ये, केटी पेरीचं. मध्ये आठ वर्षं! लोकांची आवड बदलली होती, सगळीकडे हिप-हॉप वाजत होतं, आणि स्टॉकहोमच्या त्या गोड पॉपचे दिवस सरले असंच दिसत होतं. त्या काळात तो गप्प बसला नाही. बॉन जोव्हीसाठी 'इट्स माय लाइफ' तर 2000 मध्येच केलं होतं. 2004 मध्ये केली क्लार्कसनसाठी एक गाणं केलं, त्यात आपल्या जुन्या रॉकच्या गिटारी परत आणल्या. जुनं आणि नवं जोडायची वाट त्याला तिथे दिसली, आणि पुढच्या दशकातली गाणी त्या वाटेने आली. ज्याचं नाव सगळ्या जगात झालं होतं त्याला आठ वर्षं थांबावं लागलं. तुमचा मुलगा एका वर्षात निकाल मागतोय.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. डिप्लोमा पुरा करू द्या. एकच वर्ष राहिलंय, आणि आवाजाचं विज्ञान कळायला ते शिक्षण उपयोगी पडतं. पण कॉम्प्युटर काढून घेऊ नका. तो संध्याकाळी बीट बनवतो, तेव्हा दाराशी उभं राहून एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि सुट्टीच्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवा. एकट्याने खोलीत बसून बीट बनते, गाणं बनत नाही. मार्टिनचं जवळपास प्रत्येक गाणं दोघा-तिघांनी मिळून केलेलं आहे. शेरॉनमध्ये एक जण अडला की शेजारच्या खोलीतला उठून यायचा. पुढे मार्टिनने स्वतः नवी पोरं हाताशी धरली. शेलबॅक हा त्यातला एक, तो तर मेटल बँडमध्ये ओरडून गाणारा. टेलर स्विफ्टची 2012 आणि 2014 मधली गाजलेली गाणी या दोघांनी तिच्यासोबत बसून केली. ऑस्कर होल्टर हा दुसरा, द वीकेंडच्या 'ब्लाइंडिंग लाइट्स'मध्ये त्याचा हात आहे. म्हणजे डेनिझने जे दिलं ते मार्टिन पुढे देत राहिला. मुलाला सांगा, त्याने शाळा सोडली हे खरं, पण एक शाळा सोडून तो दुसऱ्या शाळेत बसला, आणि ती जास्त कडक होती. आमच्याकडे केबल गुंडाळायला माणूस हवाच आहे.

बार्शीहून एक निवृत्त मराठी शिक्षिका लिहितात : मी नातवाकडून ही गाणी ऐकली. चाल कानात बसते हे मान्य. पण शब्दांना अर्थ काय? 'आय वॉन्ट इट दॅट वे' म्हणजे त्याला नक्की काय हवंय हेच शेवटपर्यंत कळत नाही. ज्याला ती भाषा नीट येत नाही त्याने त्या भाषेत गाणी लिहावीत का? आणि हा माणूस अक्षरं मोजून गाणी करतो म्हणे. मोजून काव्य होतं का?

बाई, नमस्कार. तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण मी तसलाच माणूस आहे. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दख्खनी, आणि मराठी मला मिळाली ती शाळेत, तुमच्यासारख्याच एका बाईंकडून. त्यामुळे परक्या भाषेत गाणं करताना काय होतं ते मी आतून सांगू शकतो.

आधी तुमचं बरोबर आहे तेवढं मान्य करतो. त्या गाण्यात खरोखर गोंधळ आहे. ध्रुवपदात 'तसं' म्हणजे काय ते ओळीओळीला बदलतं. कंपनीलाही हे खटकलं होतं. मग अर्थ लागेल असे दुसरे शब्द लिहून तेही रेकॉर्ड केलं. पण गाणाऱ्यांनाच ते फिकं वाटलं, आणि पहिलंच 1999 मध्ये बाहेर आलं. ब्रिटनीच्या गाण्यातही तसंच झालं. 'हिट मी' म्हणजे 'मला फोन कर' असं या स्वीडिश लोकांना वाटलं होतं. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला त्यातून 'मला मार' ऐकू येतं. म्हणून नावातून ते दोन शब्द काढून तिथे तीन टिंबं टाकली. भाषा परकी असली की अशी चूक होते, ती मी झाकत नाही.

पण परक्या भाषेत एक देणगीही मिळते. मातृभाषेतला शब्द कानावर पडला की आधी अर्थ येतो, मग नाद. परक्या भाषेत उलटं, आधी नाद येतो. आमच्या स्टुडिओत चाल आधी होते, तेव्हा आम्ही डमी शब्द घालतो. ला ला, ना ना, कधी अर्धे तेलुगू, अर्धे हिंदी. मग गीतकार त्या मीटरमध्ये खरे शब्द बसवतो. एकदा एका गड्ड्याच्या गाण्यात मुखडा वरच्या सा वर जात होता आणि गीतकाराने तिथे 'भक्ती' शब्द घातला. अर्थ उत्तम. पण गायकाला वरच्या पट्टीत 'ती' धरताच येईना, गळा आवळल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, इथे आ-कार द्या, 'गाभारा' घ्या. तोंड उघडलं, आवाज सुटला. मार्टिनच्या गाण्यांत ताणलेल्या सुरावर येणारे स्वर ऐका. तिथे अर्थापेक्षा तोंड कसं उघडतंय याचा विचार जास्त झालेला जाणवतो.

आता मोजण्याचं. त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात की तो अक्षरांवर फार कडक असतो. पहिल्या ओळीत जितके उच्चार, तितकेच जोडीच्या ओळीत, आरशात बघितल्यासारखे. एक अक्षर वाढलं की नको म्हणतो, मग शब्द कितीही सुंदर असो. याला तिकडे 'सुरांचं गणित' म्हणतात. बाई, तुम्ही आयुष्यभर शिकवलंत तेच हे. 'सुंदर ते ध्यान' मोजा, सहा. 'उभे विटेवरी', सहा. 'कर कटावरी', सहा. 'ठेवोनिया', चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलेलं. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड, म्हणून तिथे टाळाला जागा मिळते आणि समोरचा माणूस आपोआप पुढची ओळ उचलतो. तुकोबांनी बोटं मोजली असतील असं मी म्हणत नाही, त्यांच्या श्वासातच ते होतं. पण मोजलं तर जुळतं. मोजलेलं काव्य कोरडं असतं हे तुम्ही तरी म्हणू नका.

त्याची आणखी एक युक्ती मला फार आवडते. ती त्याने प्रिन्स या अमेरिकन गायकाच्या गाण्यांत हेरली. कडव्याची आणि मुखड्याची सुरावट एकच ठेवायची, फक्त जोर बदलायचा. कडव्यात हलकेच ऐकवलेलं मुखड्यात मोठ्याने आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर मला आधीपासून येतं! आणि उलट, कडव्यात शब्दांची दाटी असेल तर मुखड्याआधी लांब सूर हवेत, नाहीतर कान दमतो. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा गजर परगावच्या माणसाला पहिल्यांदा ऐकू येतो, आणि दुसऱ्या वेळी तो त्यात मिसळलेला असतो. कुणी शिकवत नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी तो गजर ऐकला, आणि माझ्या डोक्यात मुखड्याची व्याख्या तीच आहे. दुसऱ्या वेळी तोंडात आला पाहिजे.

मोहोळहून एक गीतकार विचारतात : या माणसाला गाणं वाजलं की पैसे मिळतात का? मी लोकगीतं लिहितो. कंपनी एकदाच रक्कम देते, सही घेते, विषय संपतो.

मिळतात. लेखक-संगीतकारांची हक्क जपणारी संस्था स्वीडनमध्ये 1923 पासून आहे, तिचं नाव स्टिम. आपल्याकडे आयपीआरएस 1969 पासून आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवलाय, तो वारस किंवा अशी संस्था सोडून दुसऱ्या कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. तेव्हा सभासद व्हा, आणि गाणं झालं त्याच दिवशी एका कागदावर लिहा : चाल कोणाची, शब्द कोणाचे, कोणाचा किती हिस्सा. खाली सगळ्यांच्या सह्या. मी हे उशिरा शिकलो. माझ्या चालीची पहिली कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर माझं नावच नव्हतं. मी दुकानासमोर उभा राहून कॅसेट उलटसुलट करून बघत होतो. त्या दिवशी कागद असता तर एवढं लागलं नसतं.

सोलापूर शहरातल्या एका शाळेतील शिक्षिका लिहितात : आमच्याकडे संगीताचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या वेळी गणित घेतलं जातं. पेटी कपाटात बंद. मला थोडं गाता येतं, मुलांना शिकवावंसं वाटतं. पण 'याचा उपयोग काय' असं विचारलं की मला उत्तर सुचत नाही. तुमच्या या परदेशी माणसाच्या गोष्टीत काही उत्तर आहे का?

ताई, आहे. मी त्याचं नाव मागच्या अंकात घेतलं त्याचं खरं कारण हेच होतं.

स्वीडनमध्ये 1940 च्या दशकापासून गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा सुरू झाल्या. शाळेतल्या मुलाने तिथे जायचं, थोड्या पैशांत वाद्य शिकायचं, आणि वाद्य घरी नसेल तर तेही संस्थेकडून वापरायला न्यायचं. मार्टिन अशाच वर्गातून आला. आधी साधी बासरीसारखी शिट्टी, रेकॉर्डर म्हणतात ती. मग फ्रेंच हॉर्न, ते मोठं वळसे घेतलेलं पितळी शिंग. ते का निवडलं? त्याने प्रामाणिकपणे सांगितलंय की पितळी वाद्याची ओढ वगैरे काही नव्हती, दिसायला भारी वाटलं म्हणून. मग शाळेच्या वाद्यवृंदात बसला. आणि एवढं यश मिळाल्यावर श्रेय कुणाला दिलं? मी जो काही आहे तो सरकारी संगीतशिक्षणामुळे, असं तो म्हणाला. मोठ्या कंपनीचं नाव नाही, नशिबाचं नाही. नगरपालिकेच्या त्या वर्गाचं नाव घेतलं.

माझ्या वाट्याला तसा वर्ग आला नाही. आमचे बाबा पॉवरलूमवर, घरात वाद्य कुठून येणार? मी बाराव्या वर्षी बँडच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचो, रात्रीचे काही रुपये मिळायचे. बत्ती वाहताना माझ्या पुढे कॉर्नेटवाला असायचा. एका लग्नसराईत तो तापाने पडला, आणि बँडमास्तरांनी विचारलं, तुला शीळ घालता येते ना, मग फुंकून बघ. ओठ फुटेपर्यंत फुंकलं. ते कॉर्नेट त्यांनी मला तीन वर्षं घरी नेऊ दिलं. एका माणसाच्या मनाच्या मोठेपणावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. पण माझ्याबरोबर बत्ती वाहणारी आणखी सहा पोरं होती. त्यांतल्या दोघांचा सूर माझ्यापेक्षा पक्का होता, मी शपथेवर सांगतो. त्यांच्या पुढचा वाजवणारा आजारी पडला नाही, एवढाच फरक. तिकडे त्या दोघांनाही शिंग मिळालं असतं.

कुणी उपयोग विचारला तर हे सांगा. आणि गणिताच्या सरांना म्हणावं, तीनताल सोळा मात्रांचा असतो, चार-चारचे चार विभाग, तिसऱ्या विभागावर खाली. मुलांनी टाळी देऊन तो एकदा मोजला की भागाकार समजावायला तुम्हाला खडू लागणार नाही.

पहिल्या दिवशी सारेगमपासून सुरुवात करू नका. मुलांना येणारं एखादं गाणं घ्या, मग ते रील्सवरचं असो नाहीतर गड्ड्यातलं. त्यात मुखडा किती वेळा येतो ते बोटांवर मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी मुखड्याआधी काय थांबतं ते शोधायला सांगा. ढोलक थांबते? आवाज बारीक होतो? मुलं हे आपल्यापेक्षा लवकर पकडतात. बाकावर ठेका धरतो म्हणून ज्याला मार बसतो, तो पोरगा आधी पुढे बसवा.

आता पेटीचं. बरीच वर्षं बंद असेल तर भात्याचा कागद फाटला असणार, आणि काही स्वर चिकटले असतील. सूर कंप पावत असला तरी घाबरायचं कारण नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी तेवढी घ्या, शाळेची वस्तू आहे. मंगळवारी आमच्याकडे रेकॉर्डिंग नसतं. त्या दिवशी दुपारी पेटी आणि त्या बाकावर वाजवणाऱ्या पोराला, दोघांना घेऊन साखर पेठेत या. पेटी उघडून आतले स्वर त्याला दाखवू, भाता मी बसवून देतो. रिक्षाचं भाडं माझ्याकडे.